भेंडीच्या कडव्याला हसल्यावर

संदीप खरे यांचं 'मी मोर्चा नेला नाही' मी पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, मित्राच्या मोबाइलवर. शेवटच्या कडव्यात गाण्यातला माणूस सांगतो, की फळाचा जन्म मिळाला असता तर आपण केळं झालो असतो आणि भाजीचा मिळाला असता तर भेंडी. चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणण्याइतकाही दम नसलेला माणूस! खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.

मागच्या महिन्यात तेच गाणं परत लावलं, तेव्हा हसू आलं नाही. आमच्या टीममधल्या एकाला पंधरा मिनिटांच्या कॉलवर काढून टाकलं होतं. ज्या चुकीसाठी काढलं ती त्याची एकट्याची नव्हती. तो कोड मी तपासून पास केला होता. "कोणाला काही बोलायचंय?" असं कॉलवर विचारलं गेलं. मी सावनेरच्या घरी, माडीवरच्या खोलीत, म्यूटवर होतो. तसाच राहिलो.

म्हणून या गाण्याकडे आता जरा नीट बघावंसं वाटतं.

त्याची सगळी ताकद एका शब्दात आहे: 'नाही'. जवळपास प्रत्येक कडवं येऊन तिथेच थांबतं. न केलेल्या गोष्टींची यादी वाढत जाते आणि त्या यादीतूनच माणसाचा चेहरा तयार होतो. आजूबाजूला लोक लढतायत आणि हा रस्त्याकडेच्या दगडासारखा पडून आहे. फेकून मारायलाही त्याला कोणी उचलत नाही. तो झाडही आहे, पण असं, की ज्याच्या ढोलीत कोणी कधी शस्त्र लपवलं नाही. मास्तरांना भ्यालेला, देवाला भ्यालेला, मनातल्या मनातही दंगा न केलेला. मराठी मध्यमवर्गाला इतक्या नेमकेपणाने पकडणारी गाणी फार नाहीत. शिवाय खरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच गातात, त्यामुळे हा 'मी' कवीच्या आड लपत नाही.

मग खटकतं काय? ते सापडायला मला दुसऱ्या एका माणसाचा अल्बम ऐकावा लागला.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी नोंदवली. गिटार, माउथऑर्गन आणि आवाज, एवढाच मुख्य ऐवज. बँडला ऐकवायचा तो कच्चा नमुना होता. पण स्टुडिओत बँडबरोबर वाजवून पाहिल्यावर त्या कॅसेटमधला एकटेपणा हरवत होता. शेवटी कॅसेटवरचीच दहा गाणी सप्टेंबरमध्ये 'नेब्रास्का' नावाने बाहेर आली.

इथेही बहुतेक गाण्यांत 'मी' बोलतो, पण तो स्प्रिंगस्टीन असेलच असं नाही. पहिल्या गाण्यात तो खुनी आहे. १९५८ सालच्या खऱ्या खूनसत्रावरचं ते गाणं आहे. 'जॉनी ९९'मध्ये मोटारींचा कारखाना बंद पडून नोकरी गेलेला कामगार दारूच्या नशेत एकाला गोळी घालतो. मला सगळ्यात जास्त लागलं ते 'हायवे पेट्रोलमन'. पोलिसात असलेला जो आपल्या भावाचा, फ्रँकीचा, गाडीने पाठलाग करतो. फ्रँकीच्या हातून एका तरुणाला गंभीर इजा झालेली आहे. कॅनडाची हद्द जवळ आल्यावर जो गाडी बाजूला घेतो आणि भावाच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत बघत राहतो.

जोसुद्धा शेवटी काहीच करत नाही. तोही रस्त्याच्या कडेलाच थांबलाय. पण त्याच्या काही न करण्याला समोर माणसं आहेत: पळून गेलेला भाऊ, आणि रक्तात पडलेला तो पोरगा, ज्याला आता न्याय मिळणार नाही. त्या थांबण्याचं बरं-वाईट कोणाच्या पदरात पडलं, ते दिसतं. म्हणून ते गाणं ऐकून मोकळं वाटत नाही.

खरेंच्या गाण्यात लढणारे सगळे 'कुणी' आहेत. त्यांना नाव नाही, चेहरा नाही. आपल्या गप्प राहण्याने त्यांचं काय झालं, हे गाण्यातला माणूस विचारत नाही. त्याचं दुःख एवढंच, की तो गरुड बसावा असं झाड झाला नाही, कांदा झाला नाही, आंबा झाला नाही. म्हणजे नुकसान झालं ते त्याच्याच उंचीचं. त्यात भेंडी येते आणि आपण हसतो. हसलो, की कबुली दिल्याचं समाधान मिळतं. आपण सगळेच असे, असं म्हणत सभागृह टाळ्या वाजवतं आणि पार्किंगकडे निघतं.

याने गाणं लहान होत नाही. विनोद काढला असता तर ते भाषण झालं असतं, आणि भाषण कोणी वीस वर्षं गुणगुणत नाही. पण आत्मपरीक्षण कुठे थांबतं, ते मला इथे कळलं. 'मी कसा आहे' इथपर्यंत हे गाणं मला आणून सोडतं. 'माझ्यामुळे कोणाचं काय झालं' हा पुढचा प्रश्न त्यात नाही.

मी म्यूटवर राहिलो, तर माझं काही गेलं नाही. पगार वेळेवर आला. नोकरी त्याची गेली. त्याला नाव आहे, नागपुरात भाड्याची खोली आहे, आणि त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. अजून लावलेला नाही.