सिंधूचें मौन

राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांच्या सिंधूनें त्या वेळीं महाराष्ट्रास रडविलें. अलीकडे मालवणास एका हौशी मंडळीनें केलेला प्रयोग पाहतांना मात्र आमचें लक्ष वारंवार प्रेक्षकांकडेच गेलें. तळीराम आला कीं मांडव हसे, सिंधू आली कीं पदर डोळ्यांस लागत. आणि या हसण्यारडण्यांत जें पाहावयाचें तेंच निसटून जाई.

तळीराम हें विशेषनाम मराठींत सामान्यनाम होऊन बसलें, ही गडकऱ्यांच्या प्रतिभेची पावती खरी. परंतु झिंगणारा, बरळणारा तेवढाच दारुड्या, असा सोयीचा समजहि त्याबरोबर रूढ झाला. सुधाकर हुशार वकील आहे. न्यायालयांत त्याचा अभिमान दुखावतो, सनद कांहीं काळ जाते, आणि मनाची तडफड शमविण्यास प्याला पुढें येतो. अशा माणसास पुढें त्याच गुंगीसाठीं अधिक मात्रा लागते. मग दारू नसली तर हात कांपतात, घाम सुटतो, झोंप उडते. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढावयास निघालेला एखादा गडी पहाटेच घोटभर घेऊन हात स्थिर करतो. तो झिंगलेला दिसत नाहीं, म्हणूनच त्याचा आजार कोणास दिसत नाहीं.

व्यसनाच्या या पायऱ्या नाटकांत स्वतः सुधाकरच रामलालास क्रमानें सांगतो. रुग्णास आपला रोग इतका नीट कळावा आणि तरीहि तो सुटूं नये, यांत गडकऱ्यांनीं व्यसनाचें मर्म पकडलें आहे. दारू सुटत नाहीं ती केवळ मन दुबळें म्हणून, असें म्हणणाऱ्यांनीं तें भाषण पुन्हां वाचावें. शपथेवर दारू सोडण्याचा प्रयोगहि सुधाकर करून चुकतो. मुरलेल्या शरीरानें ती एकाएकीं तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं जीवहि जातो, असें आजचें वैद्यक सांगतें.

आमचा मतभेद आहे तो सिंधूविषयीं. दळणें दळून ती घर चालविते, आणि नवऱ्याच्या हातून मूल दगावून स्वतः मरणाच्या दारीं असतांहि पोलिसांस खरें सांगत नाहीं. नाटक यास पातिव्रत्याचा कळस मानतें. आम्हांस तेंहि रोगाचेंच लक्षण वाटतें: घर झांकावयास शिकलें. सिंधुदुर्गांत हें झांकणें परकें नाहीं. शेजारीं गोव्यांत कर हलका, दारू स्वस्त; बाटली सीमेवरून येते, आणि ‘बाबांक बरां नाय’ हा निरोप कचेरींत धाकट्या मुलानें न्यावयाचा. (सुशिक्षितांच्या घरीं हाच निरोप शुद्ध मराठींत जातो, एवढेंच.) पुण्याच्या मुक्तांगण केंद्रांत, १९८६ सालीं स्थापन झालेल्या, घरच्या माणसांसहि उपचारांत सामील करून घेतात तें उगीच नव्हे.

नाटकांत दारूचें नांव उघड घेते ती तळीरामाची बायको गीता. मालवणच्या प्रयोगांत वेळ वांचविण्यासाठीं तिचे प्रवेश कापले होते. सिंधूचीं पदें मात्र सगळीं होतीं. दोन तर पुन्हां म्हणावयास लावलीं.