तुकोबांच्या गाथेचा ‘अस्सल’ पाठ व टाळकऱ्यांच्या वह्या

तुकोबांच्या गाथेच्या पाठनिर्णयाची चर्चा आजवर बहुधा ‘अस्सल वही कोणती?’ या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत आली आहे. प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु तो विचारण्याची रीत सनदापत्रांच्या परीक्षेंतून आलेली आहे. ती अभंगांस जशीच्या तशी लावणें कितपत युक्त आहे, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

मुद्रित गाथांचा इतिहास वाचकांस विदितच आहे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं मुंबई सरकारच्या द्रव्यसाहाय्यानें इ. स. १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत जी गाथा इंदुप्रकाश छापखान्यांतून काढिली, तिला देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितांचा आधार होता. तींत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. पुढें विनायक लक्ष्मण भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास संताजी तेली जगनाडे यांच्या वहीवरून सुमारें १३०० अभंग प्रसिद्ध केले व त्या संग्रहास ‘अस्सल’ हें विशेषण लाविलें. १९५० सालच्या पु. मं. लाड यांच्या सरकारी आवृत्तीनें पुन्हां पंडितांच्याच गाथेचा मुख्य आधार घेतला.

भाव्यांच्या उद्योगाचें मोल आम्ही तिळभरहि कमी लेखीत नाहीं. तुकोबांच्या सहवासांतील मनुष्याची वही त्यांनीं लोकांपुढें आणिली, हे त्यांचे उपकार थोर आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्या विशेषणावर. ‘अस्सल’ म्हटलें कीं बाकी सारें नक्कल किंवा बनावट ठरतें, आणि जें संताजींच्या वहींत नाहीं तें संशयित, असा समज आपोआप रूढ होतो.

चाकणचे संताजी हे परंपरेनें तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं एक. टाळकरी हा नुसता लेखनिक नव्हे. कीर्तनकार चरण म्हणतो व टाळकरी धृपद उचलून धरितात. अशा मनुष्याची वही ही दप्तरीं ठेवण्याची प्रत नसून पुढच्या कीर्तनांत उभें राहून म्हणण्याची तयारी असते. जें म्हणावयाचें तें तींत येतें, उरलेलें येत नाहीं. सनदेचें काम मूळ शिक्क्यानेंच पुरें होतें, म्हणून तिची नक्कल दुबळी. अभंगाचें काम दुसऱ्याच्या मुखीं गेल्यावांचून पुरें होतच नाहीं.

तुकोबांचा स्वतःचा आचारहि हेंच सांगतो. बाबाजींनीं स्वप्नांत आपणांस ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला, असें त्यांनीं सांगितलें आहे. गुरुमंत्र कानांत घ्यावा व गुप्त राखावा, ही अनेक संप्रदायांची रीत. हा मंत्र मात्र कीर्तनांतून उघडपणें सर्वांच्या मुखीं गेला, व आजहि दिंड्यांत टाळांच्या ठेक्यावर चालत आहे. ज्यांनीं मंत्रच वांटून टाकिला, त्यांचे अभंग एका वहींत कोंडून राहिले असतील ही अपेक्षाच अयुक्त होय.

बहिणाबाईच्या आत्मचरित्राची साक्षहि येथें बळकट आहे. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांच्या काळांत तिला तुकोबांच्या अभंगांचा वेध लागला. देहूस ती नंतर आली. म्हणजे कवि हयात असतांच त्याचे अभंग कोल्हापुरापर्यंत कीर्तनांतून पोंचले होते. पाठभेदांचा उगम केवळ पुढील लेखकांच्या प्रमादांत शोधणें त्यामुळें चुकीचें ठरतें. कांहीं पाठभेद मुळापासूनचेच असणार.

यावर कोणी म्हणेल, मग ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा मानावयाचा काय? मुळींच नाहीं. मुद्रा घालणें सोपें आहे व प्रक्षेप झालेले आहेत. परंतु त्यांची कसोटी एका वहीच्या मौनावर बसवितां येणार नाहीं. परस्परांशीं संबंध नसलेल्या फडांच्या वह्यांत एकच अभंग मिळतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं वह्या हातीं असावयास हव्यात.

अडचण आहे ती येथेंच. संग्राहक सुवाच्य, पूर्ण, मितीसह प्रत मागतात. कोपरे झिजलेली, तेलाचे डाग पडलेली, नामदेव-एकनाथांचे अभंग मध्येंच मिसळलेली भजनी वही ‘अशुद्ध’ म्हणून परत केली जाते. देहू, चाकण, तळेगांव व कडूस हीं गाथेच्या वह्यांचीं गांवें पुण्याच्या उत्तरेस एकमेकांपासून फार दूर नाहींत. त्याच टापूंत आज मोटारींचे कारखाने उभे आहेत, जमिनींचे व्यवहार होत आहेत व जुनीं घरें पाडलीं जात आहेत. घराबरोबर माळ्यावरचा रुमालहि जातो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, अशी वही मिळाल्यास ती फोडूं नये. अभंगांचा क्रम, धृपदाच्या खुणा, इतर संतांचे अभंग व वही कोणत्या फडांतून आली तें टिपून ठेवावें. डाग पुसण्याचा यत्न करूं नये. वही म्हणणाऱ्यांच्या हातीं होती याचा तो पुरावा आहे.