उजवं चाक खाली

सांगोला-आटपाडीच्या डाळिंबपट्ट्यात, रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात खड्डे काढायचं एक यंत्र उभं असतं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारं. बाजारात तयार मिळतं त्याच जातीचं. मात्र पाती सोडली तर यातला एकही महत्त्वाचा भाग खड्डे काढण्यासाठी घडवलेला नाही. गिअरबॉक्सच्या जागी जुन्या जीपचं मागचं डिफरन्शियल आहे. मधला दांडा बोअरच्या गाडीचा टाकून दिलेला ड्रिल रॉड आहे. दात ट्रकच्या कमानपाट्यांचे आणि सगळा डोलारा पेलणारे दोन चॅनेल मोडक्या ट्रॉलीच्या चासीतले. वरवर पाहणाऱ्याला भंगार भंगाराला जोडलेलं दिसेल. मी ते पुनःपुन्हा पाहायला जातो, कारण प्रत्येक सांध्यापाशी कुणीतरी नीट विचार केलेला दिसतो. मिस्त्रीची खरी ताकद त्याने काय कापलं नाही यात आहे, असं माझं मत झालं आहे.

सुरुवात डिफपासून करायला हवी, कारण सगळं तिथेच ठरतं. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपच्या डिफमध्ये 8 दातांचं पिनियन आणि 43 दातांचं क्राऊन सापडतं. पीटीओ मिनिटाला 540 फेरे देतो. 43 भागिले 8 या हिशेबाने खाली उरतात 100. मुरमाड रानात फूटभर रुंदीच्या ऑगरला, म्हणजे माती उचलणाऱ्या मळसूत्राला, एवढाच वेग मानवतो. याहून जोरात फिरवला तर माती उचलण्याऐवजी तो ती उधळत बसतो. वेग घटला त्याच प्रमाणात पीळ वाढला, म्हणजे पाचपटीहून जास्त. हा आकडा मिस्त्रीने कागदावर काढला नसेलही. पण भंगारात कारची डिफंही पडलेली असताना त्याचा हात जीपच्या डिफवर गेला, तो काही योगायोगाने नाही. पहिल्या लो गिअरमध्ये चढ चढताना या पिनियनवर पस्तीसेक हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या पीटीओपेक्षा मोठा पीळ येऊन गेलेला आहे. इथलं काम त्याला जड नाही.

आता एक बारीक जागा. मागून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या दिशेने फिरतो. जीप पुढे जात असते तेव्हा तिचा शाफ्ट मागून पाहता उलटा फिरतो. म्हणजे या यंत्रात हे डिफ कायम रिव्हर्समध्ये चालतं. दातांची ती बाजू मूळ रचनेत थोडी कमजोर खरी, पण जीप जन्मभर पुढेच धावलेली, त्यामुळे तीच बाजू कमी झिजलेली. म्हाताऱ्या क्राऊनचा हा कोरा राहिलेला गाल इथे कामाला आला. ऑगर वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरायला हवा असेल तर डिफ उभं करताना उजव्या चाकाचं टोक खाली यायला हवं. डावं खाली केलं तर ऑगर उलटा फिरेल आणि पाती डाव्या मळसूत्राची करावी लागेल. या यंत्रात उजवं टोक खाली आहे. एका उलथवण्यात दिशेचा प्रश्न संपला.

त्या टोकाचा हब त्याने काढलेला नाही. हबवरचे पाचही स्टड जसेच्या तसे आहेत. जीपच्याच रिमच्या मधल्या चकतीचा तुकडा त्याने ऑगरच्या माथ्याला जोडला आहे, त्यामुळे जिथे चाक बसायचं तिथे आता ऑगर बसतो. चाकपान्याने पाच नट सोडले की फुटाचा ऑगर उतरवून कुंपणाच्या खांबांसाठी नऊ इंची चढवता येतो. ही जागा पाहिली की दर वेळी मला मनापासून आनंद होतो.

डिफचं मूळ काम दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचं. ते इथे घातक. वरचं टोक मोकळं राहिलं तर सगळी ताकद तिकडे पळेल आणि ऑगर जागचा हलणार नाही. चिखलात रुतलेल्या जीपचं एकच चाक गरगरतं ते याच कारणाने. वरचं टोक नुसतं जाम केलं तर खालचं दुप्पट वेगाने फिरेल आणि पीळ निम्मा होईल. म्हणून आतले स्टार गिअर वेल्ड करून एकजीव केले आहेत. इथवर कुणीही चांगला मिस्त्री पोहोचतो. पुढे वरचा अॅक्सल निरुपयोगी म्हणून कापायचा मोह होतो, आणि बहुतेक जण तो कापतात. या डिफमध्ये बाहेर ओढणारा जोर त्या त्या टोकाचं बेअरिंग घेतं, पण आत रेटणारा जोर मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या अॅक्सलकडे जातो. ऑगर दगडावर बसला की जमीन त्याला वर रेटते. तो रेटा घ्यायला वरचा अॅक्सल आणि त्याचं बेअरिंग हवंच. इथे नळीचा बाहेरचा भाग शाबूत आहे, अॅक्सल आत आहे, वर टोपी बसवली आहे. टोपीलाच हवा जाण्याचं भोक आहे, कारण जुनं भोक डिफ उभं केल्यावर तेलाखाली गेलं असतं. तेलही मूळ खुणेच्या वर भरलेलं असतं. आडवं असताना क्राऊन तेलात बुडून ते उडवायचं. उभ्या डिफमध्ये पिनियनच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचवायचं तर पातळीच वाढवावी लागते.

ड्रिल रॉडबद्दल थोडक्यात. तो 76 मिलिमीटर जाडीचा, जाड भिंतीचा आहे, आणि पीळ खात जमिनीत उतरणं हेच त्याचं जुनं काम होतं. त्याला नवीन काही शिकवावं लागलं नाही.

पातीची गोष्ट वेगळी, तिथे भूमिती आहे. पत्र्याची गोल चकती कापायची, मधे भोक पाडायचं, एका जागी चिरायची आणि चेन ब्लॉकने ताणून मळसूत्र करायचं. नवखा माणूस भोक रॉडएवढं, 76 मिलिमीटरचं कापतो आणि मग पाती रॉडला बसतच नाही, कारण ताणल्यावर आतली कड रॉडभोवती तिरकी चढते आणि तिला जास्त लांबी लागते. फुटाच्या ऑगरला नऊ इंचांचा आटा द्यायचा असेल तर भोक साधारण 116 मिलिमीटरचं लागतं. इथली पाती रॉडला सगळीकडे सारखी टेकलेली आहे, वेल्डची रेघ कुठेही फट भरत गेलेली नाही. ती रेघ पाहूनच कळतं की माप आधी काढलं होतं.

दातांपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबतो. कमानपाटा गावातल्या प्रत्येक मिस्त्रीचा लाडका. ग्राइंडरला लावला की ठिणग्यांना दाट फुलोरा येतो, साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि विरळ उडतात. पण या पोलादाला उष्णता खपत नाही. कारखान्यात त्याला पाणी देऊन, मग हलकं तापवून चिवट केलेलं असतं. गॅस कटरने कापलं की कडेचा तो चिवटपणा जातो, आणि थेट वेल्ड मारला की वेल्डशेजारी तो काचेसारखा ठिसूळ होऊन तडकतो. भोक पाडायला जावं तर साधा ड्रिल बिट घासून संपतो. या मिस्त्रीने तिन्ही गोष्टी टाळल्या आहेत. प्रत्येक पाट्याच्या मध्यावर सेंटर बोल्टचं भोक असतंच. त्याने दोन वेगळे पाटे घेतले, कटिंग व्हीलने हळूहळू, थंड करत असे कापले की ते जुनं भोक नेमकं दाताच्या बुडाशी आलं. एका बोल्टवर दात फिरू नये म्हणून साध्या लोखंडाची खाच केली आणि वेल्ड त्या खाचेला मारला. दात झिजला की पाना लावून बदलता येतो.

जुन्या लोखंडातून अवजारं घडवणं आपल्याकडे नवं नाही. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगरांसाठी दिल्या होत्या. त्या वितळवाव्या लागल्या. इथे जुनी वस्तू आपल्या रूपात शिल्लक राहते, आणि माझ्या लेखी हे जास्त अवघड काम आहे.

ट्रॅक्टरशी जोडणी साधी आहे. खालच्या हातांना 22 मिलिमीटरच्या पिना, टॉपलिंकला 19 ची. हॅरी फर्ग्युसनने 1920च्या दशकात तीन बिंदूंच्या या जोडणीचं पेटंट घेतलं आणि 1939 साली फोर्डबरोबरच्या ट्रॅक्टरमधून ती जगभर पोहोचली. आपल्या रानातल्या लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तोच. त्याची हुशारी नांगराचा ओढा सांभाळण्यात होती. खड्ड्याच्या यंत्राला त्यातली फक्त उचल लागते, आणि नेमकी तिथेच एक अडचण आहे. ट्रॅक्टरची लिफ्ट उचलते, दाबत नाही. ऑगर आपल्याच वजनाने खाली जायला हवा. तयार यंत्रांच्या हलक्या गिअरबॉक्सवर कडक रानात वरून दगड बांधलेले मी पाहिले आहेत. जीपच्या बीडाच्या डिफला ती गरज पडत नाही. ते त्या दोन चॅनेलच्या बूमच्या शेवटच्या पिनेवर मोकळं लटकतं, म्हणून बूम गोलाईत वरखाली झाला तरी ऑगर ओळंब्यात राहतो. डाळिंबाला 15 बाय 10 फुटांवर एकरी 290 खड्डे लागतात. त्यातला प्रत्येक सरळ उतरतो.

शाफ्टच्या जोडावर 10 मिलिमीटरचा साधा बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवला आहे. ऑगर झाडाच्या मुळांत अडकला की तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं.

आणि तरीही या यंत्राला मी पूर्ण दाद देऊ शकत नाही. पीटीओचा शाफ्ट उघडा आहे. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. धोतराचा सोगा, उपरण्याचं टोक, साडीचा पदर त्यात गेला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ज्याने हवेच्या भोकाचा इतका विचार केला त्याने हे सोडावं, याचं मला वाईट वाटतं. झाकण अवघड नाही. त्याच्याच दुकानात ऑइलचे रिकामे ड्रम पडलेले आहेत. ड्रमचा अर्धगोल पत्रा बूमला खालून लावला की वरून आणि दोन्ही बाजूंनी शाफ्ट झाकला जाईल. फक्त बूम उचलल्यावर शाफ्टच्या क्रॉसचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन वाढतो आणि अखंड पत्रा शाफ्टला घासेल. म्हणून झाकण दोन तुकड्यांचं हवं, आणि मधली बिजागरी पुढच्या क्रॉसच्या बरोबर वर यायला हवी.