‘रिपेअर’ झालं, पण डोंगर तोच राहिला का?

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात मी पुण्याच्या नैर्ऋत्येकडच्या एका घाटउताराचं त्रिमितीय मॉडेल बनवत होतो. प्रश्न साधा होता: भरपूर पाणी मुरलं तर उतार टिकेल की घसरेल? वर-खाली बेसॉल्ट आणि मधे तांबड्या मातीचा पातळ थर. भूगर्भवाले त्याला रेड बोल म्हणतात. तो बेसॉल्टपेक्षा मऊ आणि चिकणमातीचा, त्यामुळे घसरण तपासायची तर सगळी मेख तिथेच.

मेश करायला घेतली आणि लाल अक्षरांत ओळी आल्या: ‘सेल्फ-इंटरसेक्शन’, ‘नॉन-मॅनिफोल्ड एज’. दुसऱ्या दिवशी मॅडमना निकाल दाखवायचा होता. मी ‘ऑटो रिपेअर’ दाबलं. दोन मिनिटांत सगळं हिरवं. मेश झाली, गणित सुटलं, उतार सुरक्षित निघाला.

मॅडमनी आकड्याकडे बघितलंच नाही. मॉडेलचा उभा छेद घ्यायला सांगितला आणि म्हणाल्या, “अरे, तुझा लाल थर कुठे गेला?”

अर्ध्या उतारावर तो नव्हताच.

म्हणून आजची टीका त्या बटणावर, आणि ते बिनदिक्कत दाबणाऱ्या आपल्या सगळ्यांवर.

आधी ही एरर काय म्हणते ते बघू. मॉडेलचा पृष्ठभाग म्हणजे त्रिकोणी तुकड्यांची गोधडी समजा. आकार बंद असेल तर प्रत्येक शिवणीवर बरोबर दोनच तुकडे भेटायला हवेत. एकच असेल तर तिथे भोक आहे. तीन असतील तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, आणि तेच ते सांगत असतं. म्हणजे ही एरर कटकट नाही, प्रामाणिकपणा आहे.

माझ्या शिवणी उसवल्या कशामुळे? मी पृष्ठभाग एसटीएल फाइलमध्ये साठवले होते. हे स्वरूप 1980 च्या दशकात त्रिमितीय छपाईसाठी आलं. त्यात एकक लिहिलेलं नसतं. कुठला त्रिकोण कुणाचा शेजारी, हेही नसतं. बायनरी प्रकारात प्रत्येक सहनिर्देशक 32 बिटांत बसवतात, म्हणजे साधारण सात सार्थ अंक. छपाईच्या छोट्या वस्तूला एवढं पुरतं. पण मी नकाशाचे यूटीएम सहनिर्देशक तसेच ठेवले होते. पुण्याच्या अक्षांशावर विषुववृत्तापासूनचं अंतर येतं सुमारे साडेवीस लाख मीटर. एवढ्या मोठ्या आकड्याला 32 बिटांत 12.5 सेंटिमीटरच्या पायऱ्याच मिळतात. (20,97,152 मीटरच्या उत्तरेला गेलात की पायरी 25 सेंटिमीटर!) प्रत्येक बिंदू जवळच्या पायरीवर सरकला, बारीक त्रिकोण चपटे झाले, काही एकमेकांत घुसले.

इलाज एका ओळीचा होता: डोंगराचाच एखादा कोपरा शून्य धरायचा आणि सगळ्या बिंदूंतून तो वजा करायचा, तेही फाइल लिहिण्याआधी.

बटणाने हे केलं नाही. त्याने ‘टॉलरन्स’ वाढवला, म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एकच मानले. ते अंतर होतं 50 सेंटिमीटर. माझा थर बऱ्याच ठिकाणी त्याहून पातळ. थराचं छत आणि तळ एकमेकांना चिकटले, थर संपला. त्रिकोणांच्या हिशेबाने काम चोख झालं. डोंगराच्या हिशेबाने सगळ्यात कच्चा दुवाच काढून टाकला.

माझा पहिला आक्षेप हा आहे: टॉलरन्स दिसतो सॉफ्टवेअरच्या सेटिंगसारखा, पण तो भौतिकशास्त्राबद्दलचं विधान असतो. ‘50 सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही या प्रश्नात महत्त्वाचं नाही,’ असं मी न वाचता सही करून दिलं होतं.

दुसरा आक्षेप: काय बदललं हे ते नीट सांगत नाही. ‘इतक्या चुका दुरुस्त’ एवढाच आकडा. कुठे, किती घनफळ गेलं, कुठला भाग नाहीसा झाला? गप्प.

तिसरा आक्षेप आपल्यावरच. शोधनिबंधांत मेशमधल्या घटकांची संख्या असते, सॉल्व्हरचं नाव असतं, पण भूमितीबद्दल बहुतेक वेळा एकच वाक्य: ‘मॉडेल स्वच्छ करून घेतलं.’ स्वच्छ म्हणजे काय केलं, राव?

बटण वाईटच असं नाही. यंत्राच्या भागावर कोरलेली अक्षरं किंवा ताणापासून लांबचं बोल्टाचं छिद्र खुशाल बुजवा, वेळ वाचतो. पण आतल्या कोपऱ्याची गोलाई काढलीत तर फसाल. तीक्ष्ण कोपऱ्यावर मेश जितकी बारीक कराल तितका ताण वाढतच जातो. काय काढायचं हे प्रश्नावर ठरतं, आणि प्रश्न बटणाला माहीत नसतो.

आता मी असं करतो. आधी एकक आणि शून्यबिंदू तपासतो. दुरुस्तीआधी आणि नंतर प्रत्येक थराची जाडी आणि घनफळ मोजतो. आकार उघडा असताना घनफळाचा भरवसा नाही, तेव्हा मूळ सर्वेक्षणातल्या जाडीशी ताडून बघतो. मग दोन वेगळ्या टॉलरन्सवर गणित चालवतो. उत्तर हललं, तर ते उत्तर डोंगराचं नाही, टॉलरन्सचं आहे.

शून्यबिंदू बदलून मॉडेल परत चालवलं तेव्हा लाल थर जागेवर होता आणि सुरक्षिततेचा गुणांक पहिल्यापेक्षा कमी आला. माळीणची 30 जुलै 2014 ची सकाळ आठवली की वाटतं, असल्या उताराखाली घरं असतात. तिथल्या माणसांना मेश हिरवी झाली का लाल, याच्याशी काय देणंघेणं? आपण ज्याला सुरक्षित म्हटलं तो डोंगर त्यांच्याच घरामागचा होता ना, एवढंच ते विचारतील.