'राहवत नाही' आणि 'करू नये': कामवर्तनविषयक स्वसाहाय्य-संशोधनाची भाषा

जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अनावर कामवर्तनास विकार म्हणून स्थान दिले. ही आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकृत होऊन २०२२ पासून अमलात आली. त्या नोंदीतील दोन गोष्टी भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. हा विकार व्यसनांच्या गटात नसून आवेग-नियंत्रणाच्या विकारांत घातलेला आहे. आणि केवळ नैतिक नापसंतीतून उपजणारी मनोव्यथा निदानास पुरेशी मानलेली नाही. आवेग अनावर होणे निराळे व त्याची लाज वाटणे निराळे, हा भेद येथे मूलभूत होय.

स्वसाहाय्याच्या संशोधनात नेमका हाच भेद सांभाळणे कठीण जाते. अश्लील चित्रफितींच्या अनावर पाहण्यासंबंधी बियाटा बोथे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरजालावरील सहा आठवड्यांच्या स्वसाहाय्यक्रमाची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत २६४ व्यक्ती होत्या. क्रम मिळालेल्यांत सुधारणा आढळली; मात्र पुष्कळजण मध्येच गळाले. अशा उपक्रमात समोर चिकित्सक नसतो. विकाराचे व सुधारणेचे मापही सहभागी व्यक्तीच्या उत्तरांतूनच निघते. जोशुआ ग्रब्ज यांच्या अभ्यासांनुसार, कृत्य नीतिबाह्य मानणारी व्यक्ती ते अल्प प्रमाणात घडले तरी स्वतःस व्यसनाधीन समजण्याचा संभव असतो. अर्थात प्रश्नावलीतील शब्दांवरच निष्कर्षाची सारी भिस्त राहते.

मराठीत हा धोका अधिकच आहे. 'व्यसन' या शब्दास संस्कृतात संकट व दुर्गुण असे दोन्ही अर्थ असून, मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची दहा कामज व्यसने सांगितली आहेत. मद्य, द्यूत व मृगया यांच्याच पंक्तीस तेथे स्त्रीसंगही बसतो. त्यामुळे 'हे तुमचे व्यसन आहे काय?' या प्रश्नास मिळालेला होकार ही लक्षणाची नोंद की अपराधाची कबुली, हे ठरविता येत नाही.

वस्तुतः मराठीच्या व्याकरणात हा भेद सिद्धच आहे. 'मला राहवत नाही' या वाक्यातील शक्य क्रियापद कर्त्यास चतुर्थीत टाकून त्याची असमर्थता सांगते. 'मी हे करू नये' हे वाक्य निषेध सांगते. पहिल्यात ताबा सुटल्याचे वर्णन आहे, दुसऱ्यात कर्तव्याचा निवाडा. प्रश्नावलीने हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत.

मराठी वाचकास निनावी विचारणा नवी नाही. १९२७ पासून १९५३ पर्यंत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खासगी शंकांना उत्तरे दिली. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. अपराधभावनेस रोग न मानण्याची कर्वे यांची दृष्टी आजच्या संशोधकासही उपयोगी आहे.

मीरा-भाईंदरसारख्या नगरात या प्रश्नाचे व्यावहारिक रूप दिसते. २०११ च्या जनगणनेत तेथील वस्ती आठ लाखांवर होती. आगरी-कोळी बोली, उत्तन परिसरातील ख्रिस्ती समाजाची मराठी, गुजराती व हिंदी अशा अनेक भाषा तेथे शेजारी नांदतात. दाट वस्तीत, लहान घरात राहणाऱ्यास चिकित्सकाच्या दारी जाण्याहून एकांतातील स्वसाहाय्य सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या हाती 'बाध्यकारी लैंगिक वर्तन विकृती' असे भाषांतर पडले, तर 'विकृती' या एका शब्दानेच तो ते मिटून ठेवील. म्हणून कोणत्याही उपक्रमाची परिणामकारकता मोजण्यापूर्वी त्याची भाषा बोलणाऱ्यांत तपासून घेणे, ही संशोधनाची पहिली पायरी ठरते.