चाकरीला आलेला देव

सायंकाळच्या घरभेटीला निघालेल्या धर्मगुरूला दूरदर्शन संचाशी स्पर्धा करावी लागते, हे वाचकांस वेगळे सांगायला नको. २०१४ ते २०१७ या काळात नांदेड-लातूरकडच्या धर्मग्रामांतून आम्ही हिंडत असू, तेव्हा कितीतरी घरांत 'जय मल्हार' ही मालिका लागलेली असे. आम्हांला दारात पाहून कोणी लगबगीने संच बंद करी, कोणी नुसता आवाज कमी करी. एका आजीबाईंनी मात्र सरळच सांगितले, "बसा फादर, बानूचं काय होतंय तेवढं बघू द्या. मग प्रार्थना करू." आम्ही बसलो. पुढे अनेकदा बसलो. मालिका संपून आता बरीच वर्षे झाली. पण त्या वेळी मनात उठलेला विचार अजून मावळलेला नाही, म्हणून हे टिपण.

आपण ख्रिस्ती माणसांनी अशी मालिका पाहावी का, असे आम्हांला काही जणांनी विचारले होते. आमच्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचे मोजमाप घेण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु दररोज तास-अर्धा तास घराघरांत सांगितली जाणारी प्रेमकथा प्रेमाविषयी काय शिकविते, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे. तेवढाच आम्ही येथे वापरीत आहोत.

'जय मल्हार' ही मालिका झी मराठी वाहिनीवर मे २०१४ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये संपली. निर्मिती महेश कोठारे यांच्या संस्थेची. देवदत्त नागे यांनी खंडोबा, सुरभी हांडे यांनी म्हाळसा आणि ईशा केसकर यांनी बानू साकारली. मणी आणि मल्ल या दैत्यांच्या संहारासाठी शिव खंडोबा होऊन भूतलावर येतो, म्हाळसेशी विवाह करतो आणि पुढे धनगराच्या मुलीवर त्याचे मन जडते, असा कथेचा सांगाडा. म्हणजे ही अमर जीवांची मर्त्य भूमीवर घडलेली प्रेमकथा होय.

आपल्या भागाला ही कथा परकी नाही. नांदेडहून लातूरकडे जाताना लोहा तालुक्यातील माळेगाव लागते. मार्गशीर्षात तेथे भरणारी खंडोबाची यात्रा घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. लोककथेतील खंडोबाला एकूण पाच बायका : म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई तेलीण. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ मध्ये 'खंडोबा' हा ग्रंथ सिद्ध केला. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या वस्त्यांवर राहून त्यांच्या ओव्या आणि कथा गोळा केल्या. अशा अभ्यासांमुळे एक गोष्ट आपल्या ध्यानात येते : या सोयरिकी म्हणजे एरवी एकमेकांच्या पंक्तीला न बसणाऱ्या समाजांना एका देवाच्या नात्यात आणणारे धागे होत. मालिकेने पाचांपैकी दोघींवरच भर दिला, पण वाण्याची लेक आणि मेंढपाळाची लेक एका मापाने उभी केली. जातीच्या भिंती अजून शाबूत असलेल्या आपल्या गावांत हे काम लहान नव्हे.

मालिकेचा उत्तम भाग आम्हांला चंदनपुरीचा वाटला. लोककथा अशी : देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो, आणि पैजेप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर पडतो. चंदनपुरीत बाणाईच्या बापाच्या घरी तो चाकर म्हणून राहतो आणि मेंढरे राखतो. ज्याच्या अंगावर सोन्याचे साज, त्याच्या हाती मेंढपाळाची काठी येते. अलंकार, प्रकाशझोत आणि चमत्कारांची आतषबाजी यांनी दबलेली ही मालिका येथे येऊन मोकळा श्वास घेते. प्रेम वरून खाली उतरते, मोठेपणा दारात ठेवून आत येते, हे कोणत्याही प्रेक्षकाला समजावून द्यावे लागत नाही. परमेश्वर दासाचे रूप घेतो, हे ऐकत वाढलेल्या आमच्या कुटुंबांना हा भाग विशेष भावला असल्यास नवल नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. दोन्हींकडे कान देणारे अंतःकरण मात्र एकच असते.

परंतु ही चाकरी खरी किती? लोककथेत पुढे देव धन्याची सारी मेंढरे मारून टाकतो आणि बाणाई देशील तरच जिवंत करीन, अशी अट घालतो. भंडारा उधळताच मेंढरे उठतात आणि लग्न ठरते. लोककथेला यात मौज वाटते, आणि लोककथेला ती शोभते. गंभीर प्रेमकथा म्हणून पाहू जाता प्रश्न उभा राहतो. ज्याच्या मुठीत राखीव सामर्थ्य आहे तो चाकर कसला? आणि ज्याचे सारे पशुधन मरून पडले आहे, त्या बापाची संमती ती संमती कसली?

येथे एका दूरच्या मालिकेशी तुलना करावीशी वाटते. आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन मुलीने आम्हांला 'इटर्नल लव्ह' नावाची चिनी मालिका दाखविली. २०१७ सालची, अठ्ठावन्न भागांची. तांग छी या लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली. तीत कोल्हवंशातील देवी बाई छियेन आणि स्वर्गाचा युवराज ये ह्वा यांची तीन जन्मांची प्रीती आहे. एका लढाईत ही देवी सामर्थ्य आणि स्मृती दोन्ही गमावून साधी मर्त्य स्त्री होते. युवराज तिच्याशी लग्न करतो. पुढे ती स्वर्गात जाते, तेव्हा तिच्यावर खोटा आळ येतो आणि तिचे डोळे काढून घेतले जातात. तिच्या मुठीत भंडारा नाही. तिचे उतरणे खरे उतरणे आहे, म्हणून तिचे दुःख आपल्याला बोचते.

मात्र ही मालिकाही शेवटी अमरत्वाच्या सोयीला शरण जाते. देवीपण परत मिळताच ती औषध पिऊन सारे विसरते. तीनशे वर्षे जातात, आणि पोटचा मुलगा समोर आला तरी ती त्याला ओळखत नाही. अमरांना विसरण्यासाठी शतके मिळतात. आपल्या घरांत मात्र अपमान झाला तरी दुसऱ्या दिवशी त्याच चुलीपाशी उभे राहावे लागते. क्षमा तेथेच जन्मते, विस्मरणात नव्हे.

हीच कसोटी 'जय मल्हार'ला लावली की तिचे उणे दिसते. बारा वर्षे देव बाहेर होता. पण ती बारा वर्षे म्हाळसेने कशी काढली? अमराला बारा वर्षे म्हणजे पापणी लवण्याइतका काळ. घरी राहिलेल्या बाईला ते तिचे तारुण्य असते. पुण्याला, हैदराबादला कामासाठी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रिया ज्या गावांत आहेत, तेथे हा प्रश्न कल्पनेतला नाही. मालिकेने म्हाळसेचा राग पुष्कळ दाखविला, तिचे एकटेपण थोडे. पुढे पुढे तर दोघींचा सवतीमत्सरच कथेचे इंधन झाला. जागरणात वाघ्या-मुरळी हेच भांडण गातात, तेव्हा शाकाहारी वाणीण आणि मेंढरांत वाढलेली धनगरीण एकमेकींच्या खाण्यापिण्यावरून टोमणे मारतात आणि दोन्ही समाज आपल्याच चालीरीतींवर हसतात. मालिकेत ते हसू गेले. उरले पार्श्वसंगीताचे तडाखे. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाजवळ आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर. त्या पायऱ्यांमधले अंतर दोघींपैकी कोणाला कसे वाटत असेल, याचा शोध घेणारा एखादा भाग तरी हवा होता.

आणखी एक मौन आम्हांला सलते. खंडोबाच्या नावाने मुरळी म्हणून मुली वाहिल्या जात. अमर नवरा आणि मर्त्य नवरी यांचा तो पडद्याबाहेरचा विवाह. त्याची किंमत गरीब, बहुधा दलित घरांतील लेकींनी मोजली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' पत्रातून या रूढीविरुद्ध आवाज उठविला. पुढे १९३४ मध्ये मुंबई प्रांतात आणि २००५ मध्ये महाराष्ट्र राज्यात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदे झाले. सुधारक त्याच समाजातून उठले, हे आम्ही आदराने नमूद करतो. धर्माच्या नावाने स्त्रीकडून परस्पर त्याग वसूल करण्याचा दोष कोण्या एका धर्माचा नाही. आपल्या धर्मग्रामांतही तो शोधला तर सापडेल. म्हणूनच देवाची प्रेमकथा सांगणाऱ्याने त्या मुलींकडे पाठ फिरवू नये.

असो. मालिका पाहू नका, असे आम्ही त्या आजीबाईंना सांगितले नाही, वाचकांनाही सांगत नाही. एवढेच सुचवितो की, कोणतीही प्रेमकथा पाहताना घरातील मुलामुलींनी आईबापांसोबत एक प्रश्न विचारावा : या प्रेमाची किंमत कोण मोजतो आहे? ज्याने प्रेमाची घोषणा केली तो, की घरी राहिलेली दुसरीच कोणी? विवाहाच्या वेळी वेदीसमोर आपण मरेपर्यंत सोबत राहण्याचे वचन देतो. तीन जन्मांचे वचन ऐकायला मोठे. पण त्यात आज चुकले तर उद्याचा जन्म आहेच. आपल्याला आजचाच दिवस मिळतो, आणि चाकरी त्याच दिवसात पुरी करावयाची असते.

त्या संध्याकाळी भाग संपला, आजीबाईंनी संच बंद केला आणि प्रार्थनेला बसण्यापूर्वी म्हणाल्या, "देवाचं काय हो फादर, तो परत जाईल गडावर. त्या पोरींचं कसं व्हायचं?" आमच्या साऱ्या टिपणाहून ही समीक्षा थोर आहे, हे कबूल करून आम्ही थांबतो.