स्थितांबरीय कारंजे : एका उपमेची परीक्षा

इंग्लंडवरील स्थितांबराच्या विलक्षण कोरडेपणावरून ब्रूअर यांनी १९४९ मध्ये असे अनुमान काढले की, तेथील हवा उष्ण कटिबंधाच्या अतिशीत तपस्तब्धीतूनच वर गेली असली पाहिजे. बाष्प गोठून गळून पडावे इतकी थंडी तेथेच असते. हे अनुमान आजही टिकून आहे. वाद आहे तो पुढील पायरीविषयी.

१०० मिलिबार पातळीवरील कटिबंधाचे सरासरी तापमान एवढा कोरडेपणा घडवून आणण्याइतके थंड नाही, असे न्यूएल व गूल्ड-स्ट्युअर्ट यांना १९८१ मध्ये आढळले. यावरून, हवा सर्वत्र न चढता नोव्हेंबर ते मार्च पश्चिम पॅसिफिक व इंडोनेशियाच्या परिसरात आणि पावसाळ्यात बंगालचा उपसागर व भारत यांवर चढत असावी, असे त्यांनी मांडले. या कल्पनेस त्यांनी 'स्थितांबरीय कारंजे' म्हटले. मात्र शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. उपमा उद्धृत करताना ते प्रश्नचिन्ह विसरता कामा नये.

कारण या युक्तिवादात दोन प्रश्नांची गल्लत आहे. तापमान साक्ष देते ती हवा कोठे सुकली याची, कोठे चढली याची नव्हे. शेरवुड यांना २००० मध्ये इंडोनेशियाच्या परिसरात तपस्तब्धीजवळ हवा उलट खाली उतरताना आढळली. ही विसंगती होल्टन व गेटलमन यांच्या २००१ च्या विवेचनाने बरीचशी सुटते. येथे हवा दिवसाला जेमतेम वीस-तीस मीटर चढते, पण आडवी शेकडो किलोमीटर वाहते. म्हणजे ती कोठेही चढत असली, तरी वाटेत शीत प्रदेशातून जाऊन तेथे बाष्प टाकू शकते.

उपमेचा दुसरा दोष कार्यकारणाचा आहे. कारंजे खालच्या दाबाने उसळते. मेघांचे उत्थान मात्र बहुधा १२ ते १४ किलोमीटरवरच संपते. मोजके मेघच त्यापलीकडे जातात. त्यावरील संथ आरोहण मुख्यतः स्थितांबरात विरणाऱ्या तरंगांच्या ओढीने होते. तेव्हा येथे कारंज्यापेक्षा शोषक पंपाची उपमा अधिक न्याय्य ठरते.

तथापि स्थलविशेषाचा मुद्दा सर्वस्वी टाकाऊ नाही. रँडेल व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हायड्रोजन सायनाइडच्या उपग्रहीय मापनांवरून दाखवले की, आशियाई मोसमी अभिसरण भूपृष्ठावरील प्रदूषित हवा स्थितांबरापर्यंत पोहोचवते. बाष्पाचे प्रमाण वाटेतील थंडी ठरवते; प्रदूषकांचे मात्र उगमस्थान. स्थितांबरातील बाष्पाचा परिणाम भूपृष्ठाच्या तापमानावर व ओझोनवर होतो. म्हणून हे दोन हिशेब अभ्यासकाने वेगळेच मांडले पाहिजेत.